सी-पेप्टाइड : इन्शुलिनसोबत बाहेर पडणाऱ्या साखळीचे शरीरात नेमके काम काय?

अन्वय (धागाकर्ता)

मधुमेहाच्या तपासण्यांत ‘सी-पेप्टाइड’ हे नाव अनेकांच्या वाचनात आलेले असते. स्वादुपिंड स्वतः किती इन्शुलिन तयार करते आहे याचा अंदाज त्यावरून येतो, एवढ्यावर बहुधा हा विषय थांबतो. ज्या रेणूच्या मोजमापावर निदान आणि उपचारांचे निर्णय घेतले जातात, त्या रेणूला स्वतःचे काही काम आहे की नाही, हा प्रश्न मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ चर्चेत आहे. माझे मत आधीच सांगतो. पेशीच्या आत त्याचे काम निर्विवाद आहे. पेशीबाहेर त्याचे परिणाम दिसल्याची नोंद अनेक प्रयोगांत आहे, पण ते परिणाम कोणत्या मार्गाने घडतात हे ठरेपर्यंत त्याला संप्रेरकाचा दर्जा देण्याची घाई करू नये.

सुरुवात उत्पादनापासून करावी लागेल. इन्शुलिन दोन साखळ्यांचे बनलेले असते, २१ अमिनो आम्लांची ए साखळी आणि ३० अमिनो आम्लांची बी साखळी, आणि त्या डायसल्फाइड बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात, हे फ्रेडरिक सँगर यांच्या १९५० च्या दशकातील कामामुळे स्पष्ट झाले. तेव्हा स्वाभाविकपणे असे वाटत होते की या दोन साखळ्या पेशीत वेगवेगळ्या तयार होऊन नंतर जोडल्या जात असाव्यात. प्रयोगशाळेत मात्र दोन सुट्या साखळ्या एकत्र केल्या की चुकीच्या जोड्याच अधिक जुळत आणि खरे इन्शुलिन फार थोडे हाती लागे. या कोड्याचे उत्तर १९६७ मध्ये शिकागो विद्यापीठातील डोनाल्ड स्टायनर यांनी दिले. इन्शुलिन तयार करणाऱ्या मानवी गाठीच्या ऊतीला त्यांनी किरणोत्सारी अमिनो आम्ले पुरवली, तेव्हा किरणोत्सार आधी एका मोठ्या प्रथिनात दिसला आणि काही वेळाने तो इन्शुलिनमध्ये उतरला. हे मोठे प्रथिन म्हणजे प्रोइन्शुलिन.

प्रोइन्शुलिनमध्ये ८६ अमिनो आम्ले असतात. आधी बी साखळी, मग दोन आम्लारिधर्मी अमिनो आम्ले, मग ३१ अमिनो आम्लांचे सी-पेप्टाइड, पुन्हा तशीच दोन अमिनो आम्ले आणि शेवटी ए साखळी, असा तो एकसंध धागा असतो. सी-पेप्टाइड मध्ये असल्यामुळे दोन्ही साखळ्या एकमेकींच्या आवाक्यात राहतात, सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लांच्या योग्य जोड्या समोरासमोर येतात आणि तीनही डायसल्फाइड बंध बिनचूक जुळतात. त्यानंतर स्रावकणिकांमध्ये, म्हणजे स्राव साठवणाऱ्या पेशीतील सूक्ष्म पिशव्यांमध्ये, पीसी१/३ आणि पीसी२ ही विकरे (एन्झाइम) दोन ठिकाणी छेद देतात, कार्बॉक्सिपेप्टिडेज ई उरलेली आम्लारिधर्मी टोके काढून टाकते आणि इन्शुलिन व सी-पेप्टाइड एकमेकांपासून सुटे होतात.

त्या कणिकेच्या आत जरा डोकावून पाहण्यासारखे आहे. इन्शुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताभोवती एकत्र येऊन स्फटिकरूप होतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणिकेच्या मध्यभागी गडद गाभा म्हणून दिसतात. त्या गाभ्याभोवती जे फिकट वलय दिसते त्यात सी-पेप्टाइड विरघळलेल्या स्थितीत असते. कणिका पेशीच्या पृष्ठभागाला मिळून उघडली की दोन्ही रेणू समान संख्येने रक्तात जातात, इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक रेणू.

प्रश्न इथून पुढचा आहे. बांधकाम संपल्यावर उतरवलेल्या परांचीप्रमाणे सी-पेप्टाइडचे काम तिथेच संपते, की रक्तात गेल्यावरही ते काही करते? सुरुवातीच्या प्रयोगांत त्याचा इन्शुलिनसारखा कोणताही परिणाम आढळला नाही आणि ते निष्क्रिय आहे असे मानले गेले. १९९० च्या दशकात स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेतील जॉन वाहरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न पुन्हा उघडला. या विषयाचे वाचन असलेल्या सर्वांनी, विशेषतः माझ्या मताशी सहमत नसलेल्यांनी, सविस्तर लिहावे.

---

तर्कनिष्ठ

मांडणी उत्तम आहे. ‘पेशीबाहेर परिणाम दिसतात’ या वाक्याबद्दल मात्र माझा आक्षेप आहे आणि तो तीन मुद्द्यांवर आधारलेला आहे.

उत्क्रांतीचा पुरावा सर्वात आधी पाहावा. इन्शुलिनच्या ए आणि बी साखळ्या निरनिराळ्या प्राण्यांमध्ये इतक्या सारख्या आहेत की गाय आणि डुक्कर यांचे इन्शुलिन माणसांना अनेक दशके देता आले. सी-पेप्टाइडमधील अमिनो आम्लांचा क्रम मात्र प्राण्यागणिक पुष्कळ बदलतो, त्याची लांबीसुद्धा सगळीकडे सारखी नाही. जो रेणू एखाद्या ठरावीक रिसेप्टरमध्ये (पेशीवरील, संदेश ओळखणाऱ्या प्रथिनात) किल्लीसारखा बसायला हवा, त्याच्या रचनेवर निवडीचा दाब इतका सैल का असावा?

दुसरा मुद्दा औद्योगिक उत्पादनातून येतो. यीस्टमध्ये इन्शुलिन तयार करताना ३१ अमिनो आम्लांच्या सी-पेप्टाइडऐवजी केवळ तीन अमिनो आम्लांचा दुवा वापरला जातो, तरीही रेणूची घडी बरोबर पडते. म्हणजे ज्या एका कामाबद्दल आपण सर्व निःशंक आहोत, त्या कामासाठीसुद्धा संपूर्ण सी-पेप्टाइडची गरज भासत नाही.

तिसरा मुद्दा सर्वात जड आहे. सर्वमान्य रिसेप्टर आजही सापडलेला नाही. २०१३ मध्ये जीपीआर१४६ हा रिसेप्टर सुचवला गेला होता, परंतु नंतर इतर संशोधकांनी केलेल्या तपासणीत त्याला पुष्टी मिळाली नाही.

---

अन्वय

पहिल्या दोन मुद्द्यांना उत्तर देतो, तिसऱ्यावर आपले एकमत आहे.

क्रम बदलतो हे खरे, पण तो सर्वत्र सारख्या प्रमाणात बदलत नाही. सी-पेप्टाइडच्या सुरुवातीच्या टोकाला आम्लधर्मी अमिनो आम्ले असतात आणि सस्तन प्राण्यांत ती बऱ्याच अंशी टिकून आहेत. त्या टोकात फेरफार केला तर प्रोइन्शुलिन घडी पडताना गोळा होऊन साचू लागते, असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा सी-पेप्टाइड हा निव्वळ लांबी भरून काढणारा दोरा नाही. आपल्या विद्युतभाराने ते घडी पडण्याच्या प्रक्रियेला वळण लावते. यीस्टमध्ये तीन अमिनो आम्लांचा दुवा चालतो याचा अर्थ एवढाच की घडीची समस्या दुसऱ्या वाटेनेही सुटू शकते. बीटा पेशीला, म्हणजे स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीला, फार मोठ्या प्रमाणावर आणि मागणीनुसार वेगाने प्रोइन्शुलिन तयार करावे लागते, शिवाय पुढे दोन निरनिराळ्या विकरांना छेद देण्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते. त्या परिस्थितीत लांब, लवचीक आणि ऋणभारित दुवा सोयीचा ठरतो, असे मला वाटते.

घडीत चूक झाली तर काय होते याचेही उदाहरण आहे. अकिता जातीच्या उंदरात इन्शुलिनच्या जनुकातील एका बदलामुळे एक सिस्टीन नाहीसे होते, एक बंध जुळत नाही, चुकीची घडी पडलेले प्रोइन्शुलिन पेशीच्या अंतर्द्रव्यजालिकेत साचते आणि बीटा पेशी मोडकळीस येतात. हा दोष ए साखळीतील आहे, सी-पेप्टाइडमधील नाही, पण प्रोइन्शुलिनची घडी ही किती नाजूक बाब आहे हे त्यावरून ध्यानात येते.

---

केशवाहिनी

पेशीबाहेरील परिणामांची बाजू कोणीतरी नीट मांडायला हवी, म्हणून लिहिते आहे.

टाइप १ मधुमेहात बीटा पेशी नष्ट होतात आणि इन्शुलिनसोबत सी-पेप्टाइडही नाहीसे होते. इंजेक्शनमधून इन्शुलिन परत मिळते, सी-पेप्टाइड मिळत नाही. त्यामुळे या रुग्णांना सी-पेप्टाइड दिल्यावर काय होते हे पाहणे, हा प्रश्नाला थेट भिडण्याचा मार्ग होता. १९९२ पासून प्रसिद्ध झालेल्या कॅरोलिन्स्काच्या अभ्यासांत असे दिसले की सी-पेप्टाइड शिरेतून दिल्यावर टाइप १ रुग्णांच्या मूत्रपिंडातील वाढलेला गाळणदर थोडा खाली येतो. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात मूत्रपिंडे गरजेपेक्षा अधिक गाळतात आणि हा ताण पुढील हानीची नांदी मानला जातो, म्हणून या निरीक्षणाला महत्त्व आले. पुढच्या, अधिक काळ चाललेल्या छोट्या प्रयोगांत लघवीतून जाणारे अल्ब्युमिन हे प्रथिनही कमी झाल्याचे नोंदवले गेले.

पेशीच्या पातळीवर दोन गोष्टी वारंवार आढळल्या आहेत. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर सक्रिय होते आणि वाहिन्या सैलावतात, ही त्यातली एक. सोडियम-पोटॅशियम पंपाची क्रिया वाढते, ही दुसरी. या पंपाचा चेतातंतूंशी असलेला संबंध थोडा विस्ताराने सांगते, कारण सगळे प्रकरण तिथे समजण्याजोगे होते. चेतातंतूवर संदेश पुढे सरकतो तो सोडियमच्या आत-बाहेर जाण्यामुळे. मधुमेहात पंप मंदावला की तंतूच्या आत सोडियम साचतो, आत आणि बाहेर यांतील फरक कमी होतो आणि संदेशाचा वेग घटतो. त्याच वेळी चेतातंतूला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्याही आकसलेल्या असतात. सी-पेप्टाइड या दोन्ही ठिकाणी काम करत असेल, तर टाइप १ मधुमेहातील चेतातंतूंची हानी केवळ वाढलेल्या साखरेच्या आधारे पूर्णपणे का समजत नाही, याचे काही अंशी उत्तर मिळते.

तांबड्या पेशींवरचे कामही रंजक आहे. टाइप १ रुग्णांच्या तांबड्या पेशी ताठर झालेल्या असतात, त्यामुळे त्यांना अरुंद केशवाहिन्यांतून वाकून जाणे अवघड जाते. सी-पेप्टाइडच्या सान्निध्यात त्यांची लवचिकता सुधारते. जस्तासारख्या धातूच्या आयनासोबत सी-पेप्टाइड दिले असता तांबड्या पेशींतून एटीपी (पेशीतील ऊर्जावाहक रेणू) अधिक प्रमाणात बाहेर पडते आणि ते एटीपी वाहिनीच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची सूचना देते, असे दाखवणारे प्रयोगही आहेत. वर अन्वय यांनी वर्णन केलेल्या कणिकेत जस्त आणि सी-पेप्टाइड शेजारी-शेजारी असतात आणि एकाच वेळी बाहेर पडतात, हे इथे लक्षात घ्यावे.

---

तर्कनिष्ठ

केशवाहिनी, तुमच्या प्रतिसादातील प्रयोग मला मान्य आहेत. त्यांतून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहू.

१९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेही उंदरांना सी-पेप्टाइड दिल्यावर रक्तवाहिन्या आणि चेतातंतू यांतील बिघाड टळला. पण त्याच अभ्यासात सी-पेप्टाइडचा क्रम उलटा करून तयार केलेला रेणू आणि आरशातील प्रतिमेसारख्या डी-अमिनो आम्लांपासून तयार केलेला रेणू हे दोन्ही मूळ रेणूइतकेच प्रभावी ठरले. कोणताही नेहमीचा रिसेप्टर असे चालवून घेणार नाही, म्हणून परिणाम रिसेप्टरविना, पेशीपटलाशी होणाऱ्या काही वेगळ्या आंतरक्रियेतून घडत असावा असा तर्क पुढे आला.

दोनच वर्षांनी, १९९९ मध्ये, मानवी पेशींवर प्रतिदीप्तीचे तंत्र वापरून नेमके उलट चित्र पुढे आले. सी-पेप्टाइड पेशीपटलाला विशिष्टपणे चिकटते, डी-अमिनो आम्लांचा रेणू त्याला हटवू शकत नाही, शेवटच्या पाच अमिनो आम्लांचा तुकडा मात्र हटवू शकतो आणि डांग्या खोकल्याच्या जिवाणूचे विष दिल्यावर हे चिकटणे कमी होते. हे विष पेशीतील जी-प्रथिन या संदेशवाहक प्रथिनाचे काम रोखते, म्हणजे जी-प्रथिनाशी निगडित रिसेप्टर असावा. हे दोन्ही निष्कर्ष पूर्णपणे खरे असणे कठीण आहे. उंदीर आणि माणूस यांतील फरकावर बोट ठेवून हा पेच सुटत नाही, कारण आरशातील रेणू एके ठिकाणी चालतो आणि दुसरीकडे अजिबात चालत नाही, हा फरक मात्रेचा नसून यंत्रणेचाच आहे.

शिवाय माणसांवरील सर्वात मोठी परीक्षा झालेली आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या सी-पेप्टाइडचे इंजेक्शन चेतातंतूंची हानी झालेल्या सुमारे २५० टाइप १ रुग्णांवर ५२ आठवडे तपासले गेले आणि निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पायातील चेतातंतूतून संदेश जाण्याचा वेग हा मुख्य निकष होता आणि त्यात औषध व निष्क्रिय इंजेक्शन यांच्यात फरक आढळला नाही.

---

केशवाहिनी

तो निकाल मला ठाऊक आहे आणि त्याचे वजन मी कमी लेखत नाही. त्याच परीक्षेत कंपनाची संवेदना मात्र सी-पेप्टाइड मिळालेल्या गटात सुधारली, एवढे जोडते. मुख्य निकषात अपयश आले असताना दुय्यम निकषातील यशाला पुरावा म्हणू नये, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते. तो पुढच्या अभ्यासासाठीचा धागादोरा मात्र नक्की आहे.

मात्रेबद्दल एक गोष्ट राहून गेली. १९९९ च्या त्याच अभ्यासात हे चिकटणे लिटरमागे एक नॅनोमोलच्या आतच पूर्ण भरते असे दिसले, म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तातील नेहमीच्या पातळीलाच. निरोगी माणसांना वरून सी-पेप्टाइड दिल्यावर काहीच का घडत नाही याचा खुलासा त्यातून होतो, आणि सुरुवातीच्या संशोधकांनी त्याला निष्क्रिय का ठरवले याचाही.

---

सहप्रवासी

मला टाइप १ मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली आहेत आणि माझ्या रक्तात अजूनही थोडे सी-पेप्टाइड आढळते. ते असणे चांगले आहे असे मला सांगण्यात आले. वरील चर्चा वाचल्यावर प्रश्न पडला की हा लाभ सी-पेप्टाइडचा आहे की त्याच्यासोबत येणाऱ्या इन्शुलिनचा?

---

मेधा_र

सहप्रवासी, तुम्ही या विषयातील सर्वात अवघड प्रश्न अगदी नेमका विचारला आहे.

अमेरिका आणि कॅनडा येथे १४४१ टाइप १ रुग्णांवर झालेल्या डीसीसीटी या अभ्यासाचे मुख्य निष्कर्ष १९९३ मध्ये आले. त्यातील नोंदींचे पुढे विश्लेषण झाले तेव्हा काटेकोर उपचार घेणाऱ्यांपैकी ज्यांचे सी-पेप्टाइड लिटरमागे ०.२ नॅनोमोल किंवा त्याहून अधिक टिकून होते, त्यांच्यात दृष्टिपटलाची हानी कमी होती आणि साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रसंगही कमी होते. बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्राने ५० वर्षांहून अधिक काळ टाइप १ मधुमेहासह जगलेल्या व्यक्तींचा अभ्यास केला, त्यातही अनेकांच्या रक्तात अल्प का होईना पण सी-पेप्टाइड सापडले.

परंतु जिथे शरीराचे स्वतःचे सी-पेप्टाइड आहे तिथे शरीराचे स्वतःचे इन्शुलिनही आहेच, आणि ते तितक्याच संख्येने आहे. ते इन्शुलिन साखरेच्या चढउतारानुसार आपोआप कमी-जास्त होते, शिवाय आधी यकृतात जाते. कोणतेही इंजेक्शन हे तंतोतंत साधू शकत नाही. त्यामुळे अशा निरीक्षणांतून दोघांचे श्रेय वेगळे करता येत नाही. स्वादुपिंडाच्या किंवा बीटा पेशींच्या प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या सुधारणेचा दाखला दिला जातो, तिथेही हीच अडचण आहे. म्हणून तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की तुमच्यात उरलेल्या बीटा पेशी मौल्यवान आहेत आणि सी-पेप्टाइड त्यांची खात्रीची खूण आहे. वरून देण्यासाठी मान्यताप्राप्त असे सी-पेप्टाइडचे औषध नाही. तसे कोणी सुचवले तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

---

जीवरस

चर्चा टाइप १ भोवती फिरते आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. टाइप २ मधुमेहाच्या आधी आणि सुरुवातीच्या काळात इन्शुलिनला प्रतिरोध असतो, बीटा पेशी अधिक इन्शुलिन सोडतात आणि सी-पेप्टाइडची पातळीही चढी राहते. अशा रुग्णांच्या धमन्यांतील सुरुवातीच्या मेदयुक्त जखमांमध्ये सी-पेप्टाइड साचलेले आढळले आहे आणि ते प्रतिकारपेशींना त्या जागी ओढून घेते असे जर्मनीतील एका गटाने दाखवले. अभाव हानिकारक आणि अतिरेकही हानिकारक असे निघाले, तर ते संप्रेरकाच्या स्वभावाला धरूनच होईल. फक्त चढे सी-पेप्टाइड हे प्रतिरोधाचेही चिन्ह असल्यामुळे मेधा यांनी सांगितलेली अडचण इथेही तशीच उभी राहते.

आणखी एक भूमिका कोणीच उल्लेखलेली नाही. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणा बीटा पेशींवर उलटते. २०१६ मध्ये असे दाखवले गेले की बीटा पेशींच्या कणिकांमध्ये सी-पेप्टाइडचे तुकडे दुसऱ्या प्रथिनांच्या तुकड्यांना जोडले जाऊन संकरित पेप्टाइड तयार होतात. अशी जोडी जनुकात कुठेही लिहिलेली नसते, म्हणून प्रतिकारपेशींना ती परकी वाटू शकते. रुग्णांच्या प्रतिकारपेशी अशा जोड्या ओळखतात, आणि पुढील अभ्यासांत संपूर्ण सी-पेप्टाइडलाही प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. हे काम शरीराच्या उपयोगाचे नाही, पण जैविक भूमिका म्हणून मला ते फार महत्त्वाचे वाटते.

---

सहप्रवासी

मेधाताई, मनापासून आभार. एक शंका उरते. सी-पेप्टाइड आणि इन्शुलिन समान संख्येने सुटत असतील, तर थेट इन्शुलिनच का मोजत नाहीत?

---

मेधा_र

समान संख्येने सुटतात, पण समान संख्येने टिकत नाहीत. स्वादुपिंडातील रक्त आधी यकृतातून जाते आणि पहिल्याच फेरीत यकृत सुमारे निम्मे इन्शुलिन काढून घेते. हे प्रमाण परिस्थितीनुसार बदलते. उरलेले इन्शुलिनही रक्तात काही मिनिटांतच निम्मे होते. सी-पेप्टाइडला यकृत जवळजवळ हात लावत नाही आणि ते निम्मे व्हायला सुमारे अर्धा तास लागतो, म्हणून त्याची पातळी स्थिर आणि मोजायला सोपी असते. शिवाय इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णात इन्शुलिन मोजले तर बाहेरचे आणि घरचे यांची सरमिसळ होते. इंजेक्शनमध्ये सी-पेप्टाइड नसल्यामुळे ती अडचण येत नाही. कारण न कळता साखर वारंवार खाली जात असेल, इन्शुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड नगण्य असेल, तर इन्शुलिन बाहेरून आले आहे हे यावरूनच कळते. दोन्ही वाढलेले असतील तर इन्शुलिन तयार करणारी गाठ किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी) गोळी यांचा शोध घ्यावा लागतो.

अहवाल वाचताना मूत्रपिंडांकडे जरूर पाहावे. सी-पेप्टाइडचा निचरा मुख्यतः तिथेच होतो, त्यामुळे मूत्रपिंडे अशक्त असतील तर आकडा प्रत्यक्ष उत्पादनापेक्षा मोठा दिसतो.

---

अन्वय

तर्कनिष्ठ, वरील सर्व मुद्द्यांनंतर एक विचारतो. सी-पेप्टाइड हे संप्रेरक आहे हे तुम्ही कोणत्या पुराव्यावर मान्य कराल?

---

तर्कनिष्ठ

एका सरळ प्रयोगावर. ज्याला सी-पेप्टाइड चिकटते असा रिसेप्टर दोन स्वतंत्र प्रयोगशाळांना सापडावा. मग तो रिसेप्टर जनुकातूनच काढून टाकलेल्या मधुमेही उंदरांना सी-पेप्टाइड द्यावे आणि त्याच वेळी आरशातील रेणूही द्यावा. रिसेप्टर असलेल्या उंदरात मूत्रपिंडाचा गाळणदर सुधारला, नसलेल्यात सुधारला नाही आणि आरशातील रेणूने दोन्हीकडे काहीच केले नाही, तर माझा आक्षेप संपला. आरशातील रेणूने १९९७ प्रमाणे पुन्हा काम केले, तर परिणाम खरा मानून त्याचे उत्तर पेशीपटलात शोधावे लागेल.

---

केशवाहिनी

त्या प्रयोगात एक भर घालावी. सी-पेप्टाइड देताना एका गटाला जस्त सोबत द्यावे आणि एका गटाला जस्ताविना. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत त्यामागे द्रावणातील धातूंच्या आयनांचे बदलते प्रमाण हे एक कारण असू शकते, आणि ते तपासण्यासाठी वेगळा प्रयोग करावा लागणार नाही.